भिंतीवरचे सहा खंड

पुणतांब्याच्या शिवारात कुणाला "खंड किती?" असं विचारलं, तर जुना माणूस उलट विचारतो, "कुनाच्या रानाचा?" या भागात खंड म्हणजे जमीन दुसऱ्याला कसायला दिली की तिच्याबद्दल दरसाल जे ठरवून घ्यायचं ते. एका पिढीची रानंच्या रानं साखर कारखान्यांकडे खंडाने गेली, ती परत मागण्यात पुढची पिढी म्हातारी झाली, आणि त्या लोकांना सरकारी कागदावरसुद्धा खंडकरी हेच नाव पडलं. त्यामुळे बावीस वर्षांपूर्वी पुंजाराम पेंटरने बोरबन वस्तीच्या शाळेच्या भिंतीवर जगाचा नकाशा काढला आणि वर ठळक अक्षरांत 'पृथ्वीवरील खंड' असं लिहिलं, तेव्हा बघायला आलेल्या एका म्हाताऱ्याने मान वर करकरून विचारलं होतं, "पृथ्वीवरचा खंड भरतंय कोन?" हा विनोद वस्तीला चार वर्षं पुरला.

पुंजारामला तो कधीच आवडला नाही. त्याला त्या भिंतीची कुठलीच थट्टा चालत नसे.

त्याच भिंतीचा फोटो बुधवारी सकाळी त्याच्या मोबाईलवर आला. युरोप आणि आशियाभोवती बोटाने काढलेलं लाल कडं, आणि खाली मुख्याध्यापक आदिनाथ सरांचा निरोप: 'काका, नकाशात खंडांची चूक आहे. शनिवारपर्यंत दुरुस्त करून द्यावी ही विनंती. अन्यथा समितीच्या ठरावानुसार भिंत पांढरी करून तिथे फ्लेक्स लावण्यात येईल.'

पुंजारामने तो निरोप तीनदा वाचला. पहिल्यांदा तो 'चूक' या शब्दाशी अडला, दुसऱ्यांदा 'पांढरी'शी आणि तिसऱ्यांदा 'फ्लेक्स'शी. तिसऱ्या वेळी त्याने बशीतला चहा तसाच अंगणात फेकला.

"आवं, म्हैस बिचकली की!" ओट्यावर बाजरी पाखडत बसलेली गोजरबाई म्हणाली.

"बिचकू दे. चूक म्हनतोय मला. माझी चूक! काल आलेलं मास्तर!"

"कसली चूक?"

"खंडांची."

गोजरबाईने सूप खाली ठेवलं. तिला सगळं ठाऊक होतं. ते तिला परवाच गिरणीत कळलं होतं, पण नवऱ्याच्या कानावर घालायला बरी वेळ सापडत नव्हती. आता वेळ आपल्या पायाने आली होती.

"ती टेम्पोवाल्या उझैरची पोरगी न्हाई का, सिमरन? सहावीतली. ती तालुक्याला गेल्ती, परश्नमंजुषेला. आपल्या शाळेची तीन पोरं पार शेवटपर्यंत पोचली म्हनं. बरोबरीत आली. मंग शेवटचा सवाल, पृथ्वीवर खंड किती. तिनं घंटी दाबली अन् म्हनली, सहा."

"मंग?"

"मंग काय? उत्तर सात. हारली. सवाल इचारनाऱ्या बाई म्हनल्या, कुठं शिकलीस गं हे? तर ही म्हनती, आमच्या भिंतीवर सहाच हायेत. सगळा हॉल हसला. आता पोरं तिला सिमरन म्हनतच न्हाईत. सहावीतली सहा, सहावीतली सहा, आसं चिडवत्यात."

गोजरबाईने पुन्हा सूप उचललं आणि सुपातच बघत म्हणाली, "पर मी काय म्हनते, आमच्या म्हायेरी गोंधळी यायचा तो नवखंड पिरथमी म्हनायचा. तुमी सहाच काढलेत व्हय? बाकीचे तीन कुठं गेले?"

"तुझ्या म्हायेरी गेले!" असं ओरडून तो उठला आणि सदऱ्याची बटणं खालीवर लावत बाहेर पडला.

पुंजाराम हा माणूस पहिल्यापासून रागीट. पण त्याचा राग साधारणपणे अक्षरांवरून असे. सातवीतून शाळा सुटल्यावर तो श्रीरामपुरात एका बोर्ड रंगवणाऱ्याच्या हाताखाली राहिला. डबे धुता धुता अक्षर शिकला, आणि असं शिकला की पुढे वीस-पंचवीस वर्षं आसपासच्या गावांत दुकानाची पाटी, पतसंस्थेचा फलक, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागचं नाव, सगळं पुंजारामच्या हातचंच लागे. त्याच्या 'ळ'ला एक डौल होता. आणि चुकीचं लिहायला तो कधी तयार होत नसे. एका दूधडेअरीवाल्याने 'शुद्ध' हा शब्द हट्टाने चुकीचा लिहायला सांगितला, तेव्हा अर्धी झालेली पाटी त्याने तिथल्या तिथे पुसली होती आणि शिडी खांद्यावर टाकून चालता झाला होता. "लोकं भिंत वाचून शिकत्यात," असं तो म्हणायचा. "पुस्तक मिटून ठेवता येतं. भिंत कशी मिटशील?"

मग फ्लेक्स आले. एका दिवसात बॅनर, त्यावर दहा फोटो, आणि शुद्धलेखनाचे पार बारा वाजलेले. पुंजारामकडे उरली ती पाण्याच्या टाक्यांवरची नावं आणि गाड्यांचे नंबर. आणि बोरबनची भिंत. ती त्याने अकरा दिवस खपून रंगवली होती.

तेव्हाचे मुख्याध्यापक राम गुरुजी. त्यांनी कपाटातून एक जाडजूड नकाशांचं पुस्तक काढलं आणि म्हणाले, "पुंजाराम, जग काढायचं." पुंजारामने पुस्तकातल्या पानावर पेन्सिलीने चौकटी आखल्या, निळीत बुडवलेली दोरी भिंतीवर ताणून फट फट मारत तेवढ्याच चौकटी भिंतीवर उठवल्या, आणि एकेक चौकट उतरवत गेला. अशा कामात हात चुकत नाही. पानावर जे आहे तेच भिंतीवर येतं.

सातव्या दिवशी गाडी अडली. समुद्र भरून झाला, आफ्रिका झाली, दोन्ही अमेरिका झाल्या, आणि पुंजाराम युरोपचा रंग कालवून भिंतीपुढे उभा राहिला तो उभाच राहिला.

"गुरुजी, ह्यो रंग कुठं थांबवू?"

"आशिया लागला की थांबव."

"ते कळलं. पर लागतो कुठं? मधी पानी न्हाई, काय न्हाई. सलग रान हाय."

गुरुजींनी पुस्तकात बघितलं. त्या पानावर देशांच्या रेघा होत्या, पण खंडाची नव्हती. "उरल म्हणून डोंगर आहेत बघ. तिथून."

"डोंगर खाली संपत्यात की. म्होरं?"

गुरुजी हसले होते. राम गुरुजींना आपल्याला उत्तर येत नाही याचं कधी वाईट वाटत नसे. "खरं आहे तुझं. पुस्तक सात म्हणतं. पण माणसांनी ठरवलंय म्हणून सात. ठेव तू एकच रंग. पोरं विचारतील, एक रंग का? तेव्हा सांगू त्यांना."

पुंजारामला हे मनापासून पटलं होतं, त्याला कारण होतं. त्याच्या वडलांचं रानही खंडाने कारखान्याकडे गेलेलं. लहानपणी ते एकदा त्याला बोट धरून दाखवायला घेऊन गेले होते. कारखान्याने मधले सगळे बांध मोडून एकच अफाट पट्टा केला होता, आणि नजर पोचेल तिथवर ऊस. वडील त्या उसात शिरले, इकडे गेले, तिकडे गेले, आणि म्हणाले, "हितंच कुठंतरी आपला बांध हुता." कागदावर त्यांचा गट होता, त्याला चारी बाजूंनी रेघा होत्या. पायाखाली रेघ नव्हती. वडील गेले तरी ती सापडली नाही. पुढे पुष्कळ वर्षांनी जमीन परत मिळाली, तीही दुसरीकडेच. तेव्हापासून जमिनीवर नसलेली रेघ कुणी कागदावरून दाखवली की पुंजारामच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

आणि आता एक पोरगेला मास्तर त्याला मोबाईलवर लाल कडं काढून दाखवत होता.

तो शाळेत पोचला तेव्हा मधली सुट्टी चालू होती. पोरं ओळीने बसून खिचडी खात होती आणि आक्काबाई, शाळेत खिचडी शिजवते ती, पळी घेऊन फिरत होती. नकाशाच्या भिंतीपुढे खुर्ची टाकून शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आप्पासाहेब बसले होते. खुर्चीशेजारी पांढऱ्या डिस्टेंपरची बादली होती आणि तिच्यावर नवा कोरा रोलर आडवा ठेवलेला होता. शनिवारची वाट बघायची त्यांची काही फारशी इच्छा दिसत नव्हती.

"ये पेंटर," आप्पासाहेब म्हणाले. दोघं एका वर्गात होते, त्यामुळे आप्पासाहेबांच्या तोंडी त्याला 'अहो' नव्हतं. "एका रेघेचं काम हाय. पाच मिन्टात उरकशील. सोमवारी वरून तपासनीला येनार हायेत. त्यांच्याम्होरं आपली शोभा नको."

"रेघ कुठनं मारू?"

"युरोप अन् आशियाच्या मधनं."

"मधनं म्हंजी कुठनं?"

आप्पासाहेबांनी सरांकडे बघितलं. आदिनाथ सर वर्गातून घाईने बाहेर आले होते. तिशीतला, सडपातळ, सदा कशाची तरी माफी मागत असल्यासारखा माणूस. पुंजारामने त्यांच्या हातातली खडूची पेटी घेतली, त्यातला एक खडू काढला आणि त्यांच्यापुढे धरला.

"हे घ्या सर. तुमी रेघ मारा. मी रंग भरतो. आत्ता, उभ्या उभ्या. रंगबी माझा."

खिचडी खाणारी पोरं थांबली. सरांनी खडू घेतला. वरच्या टोकापासून, जिथे समुद्र बर्फासारखा पांढरा रंगवला होता तिथपासून, त्यांनी खाली रेघ ओढायला सुरुवात केली. "हा उरल पर्वत," ते म्हणाले. "मग ही उरल नदी. मग कॅस्पियन समुद्र." आणि तिथे त्यांचा खडू थांबला.

"म्होरं?" पुंजाराम म्हणाला.

"पुढे काळ्या समुद्रापर्यंत जायचं." सरांनी खिशातून मोबाईल काढला, एक नकाशा उघडला, तसा खडू नेला. मग दुसरा नकाशा उघडला. त्यात रेघ मधल्या डोंगराच्या उत्तरेकडून जात होती, पहिल्यात डोंगराच्या माथ्यावरून. सरांनी पहिलीशेजारी दुसरी रेघ मारली, पुन्हा पहिल्याकडे बघितलं.

"ठरवा, ठरवा," पुंजाराम म्हणाला. "चूक माझी हाय न्हवं? मंग बरोबर काय ते दावा."

"आना इकडं!" आप्पासाहेब खुर्चीतून उठले आणि त्यांनी सरांच्या हातातला खडू घेतला. "एवढा काय घोळ घालताय? रशिया अख्खा युरोपात. फुटबॉल युरोपातच खेळतंय ते, आमचा नातू बघतो. म्हंजी हितनं..." आणि त्यांनी खडू रशियाच्या कडेकडेने चालवायला सुरुवात केली. खडू चीनवरून गेला, मंगोलियावरून गेला, पुढे पुढे जातच राहिला. आप्पासाहेबांना टाचा उंचावून चालावं लागलं.

आक्काबाईची पळी हवेत राहिली. "आप्पासाहेब, बांध कोरत कोरत पार जपानच्या दारात नेला की तुमी!"

पोरं फिदीफिदी हसली. आप्पासाहेबांचा हात थांबला. भिंतीवर आता तीन रेघा होत्या, तिन्ही वेगवेगळ्या, आणि त्यातली एक भलतीकडेच गेलेली. पुंजाराम मात्र हसला नाही. त्याचा आवाज खाली आला होता आणि तो ओरडण्यापेक्षा वाईट होता.

"आप्पासाहेब, तुमच्या माझ्या रानामधला बांध कुठाय ते तुमाला आजून सापडंना. दर साली नांगराचं एकेक तास माझ्याकडं सरकतंय. अन् युरोपचा बांध सापडला व्हय तुमाला?"

"तो विषय हितं काढू नको."

"का? रेघेचाच विषय चाललाय न्हवं?"

आक्काबाईला मोठ्या माणसांची भांडणं पोरांपुढे नको होती. तिने मध्येच विचारलं, "सर, पर आपुन कुठल्या खंडात?"

"आपण आशियात, मावशी. भारतीय उपखंड म्हणतात आपल्याला."

"उपखंड म्हंजी?"

"उपसरपंचावानी," पुंजाराम आप्पासाहेबांकडे बघत म्हणाला. "मान हाय, सही न्हाई." आप्पासाहेब मागची पाच वर्षं उपसरपंच होते. या वेळी मोठी पोरंसुद्धा हसली, आणि आप्पासाहेब खुर्चीवर असे बसले की खुर्ची करकरली.

इथवर पुंजाराम जिंकत होता. पण आदिनाथ सर गरीब दिसत असले तरी कच्चे नव्हते.

"काका, तुमचं म्हणणं मला पटतंय," ते सावकाश म्हणाले. "युरोप आणि आशियामध्ये समुद्र नाही. तुम्ही पाण्यावरून खंड मोजलेत. ठीक. मग आफ्रिका वेगळ्या रंगात का?"

"तिथं पानी हाय की सगळीकडनं."

"सगळीकडून नाही. इथे बघा." सरांनी अंगठ्याएवढ्या जागेवर बोट ठेवलं. "इथे सुएझ कालवा आहे. माणसांनी खोदलेला. दीडशे वर्षांपूर्वी इथे कोरडी जमीन होती. लोक चालत आशियातून आफ्रिकेत जायचे."

"कालव्याचं पानीबी पानीच आसतं."

"आपल्या शिवारातूनही कालवा जातो, काका. म्हणून अलीकडचं रान एक खंड आणि पलीकडचं दुसरा, असं म्हणायचं का?"

पोरं पुन्हा हसली. या वेळी पुंजारामला.

"अमेरिकेचंही तेच," सर म्हणाले. "मधे चिंचोळी पट्टी आहे, दोन्ही जोडलेल्या. तुम्ही दोन रंग दिलेत. पाण्यानंच मोजायचं ठरवलं तर सहा नाही, चारच खंड होतात."

पुंजारामने त्या अंगठ्याएवढ्या जागेकडे बघितलं. तिथे त्याने बावीस वर्षांपूर्वी एका फटक्यात रंग बदलला होता. चिंचोळी जागा, बारीक ब्रश, काही वाटलं नव्हतं. तिथे कुणाला विचारलं नव्हतं की रेघ कुठाय म्हणून. इतकी वर्षं तो आपण खोटी रेघ मारली नाही असं म्हणत आला, आणि दोन ठिकाणी ती मारून बसला होता. संताप अंगभर होता, पण आता तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

"आणि चारच नाही," सर आता थोडे खुलले होते. वर्गात शिकवताना खुलत असावेत तसे. "रशियात युरोप आणि आशिया एकच धरतात, म्हणून सहा. दक्षिण अमेरिकेतल्या बऱ्याच देशांत दोन्ही अमेरिका मिळून एक खंड शिकवतात. ऑलिम्पिकच्या झेंड्यावर कडी पाच, कारण तिथे अमेरिका एकच धरतात आणि अंटार्क्टिकात कुणी खेळाडू राहत नाही. आणि आपल्याकडे सात. जमीन सगळ्यांची तीच. मोजायची रीत प्रत्येकाची वेगळी. मी परवापासून हेच वाचतोय."

पुंजारामने मान वर केली.

"परवापासनं?"

"हो."

"म्हंजी सकाळी मला निरोप धाडला तवा हे तुमाला ठावं हुतं?"

सरांनी मोबाईल खिशात ठेवला.

"ठावं हुतं, अन् तरी चूक लिहिलं? सर, आमच्या पुस्तकापरमानं न्हाई आसं लिहायचं. आमी सात धरतो, तुमी सहा धरलेत, आसं लिहायचं. चूक का लिहिलं? चाळीस वर्षं हातात ब्रश हाय माझ्या. एका कान्याची चूक केली न्हाई, अन् तुमी एका बोटानं लाल कडं काढून मोकळे?"

"परीक्षेत सातच आहे काका," सर पुटपुटले. "तपासणीला येणारे सातच विचारणार."

"मंग त्यांना भ्या की! मला कशाला चुकीचा ठरवता?"

"तुम्ही चुकलात," कुणीतरी म्हणालं.

आवाज लहान होता, पण हसण्यातला नव्हता. धुतलेलं ताट छातीशी धरून एक मुलगी खांबाजवळ उभी होती. पाण्याचे थेंब तिच्या फ्रॉकवर गळत होते. कुणी नाव सांगायची गरज नव्हती. बाकीची पोरं तिच्यापासून चार हात लांब बसली होती.

पुंजारामला वाटलं होतं की निदान ही तरी आपल्या बाजूची. त्याच्या सहा खंडांपायी हॉलभर लोकांचं हसू सोसलेली एकच पोर.

"माजं काय चुकलं गं?"

"मी रोज मोजते," सिमरन म्हणाली. "परिपाठाला उभं राहिलं की समोर हीच भिंत. रंग मोजते. सहा. पुस्तकात सात वाचलं होतं, पण मला वाटलं पुस्तकात छापताना चुकलं असेल. भिंतीवर एवढं मोठं लिहितात ते खरंच असणार ना? तुम्ही खाली का नाही लिहिलं, की एक रंग का दिला ते?"

"कुनाला इचारलं न्हाईस तू?"

"कुणाला विचारू? कुणीच काही सांगत नाही. सगळे नुसते हसतात." ती रडली नाही. रडण्याइतका राग तिने परवाच खर्च केला असावा. "आमच्या संघातली निकिता माझ्याशी बोलत नाही. आमचा नंबर माझ्यामुळं गेला. तुमच्यामुळं."

पोरं विचारतील तेव्हा सांगू, असं राम गुरुजी म्हणाले होते. पुढच्या वर्षी गुरुजींची बदली झाली. त्यानंतर किती मुख्याध्यापक आले आणि गेले. पुंजाराम तर वस्तीपासून हाकेच्या अंतरावर राहत होता. बावीस वर्षांत तो एकदाही या भिंतीपुढे येऊन एका पोराला सांगून गेला नव्हता. नुसता भिंतीवरून जाता येता बघायचा, रंग टिकलाय का ते.

मग खडूच्या तिन्ही रेघा त्याने ओल्या फडक्याने पुसल्या. मन लावून, खालचा रंग न दुखवता.

"सर, नकाशाच्या बुडाला मला दोन हात जागा पायजे. लांबी भिंतीएवढी. तिथं लिहितो. रेघ मारनार न्हाई, रंग बदलनार न्हाई. लिहितो."

"ठराव झालाय पेंटर," आप्पासाहेब म्हणाले. "दुरुस्ती, न्हाईतर पांढरी. मी सही केलीय."

"हीच दुरुस्ती आहे आप्पा," आदिनाथ सर म्हणाले. स्वतःचाच आवाज ऐकून ते जरा दचकल्यासारखे झाले, पण थांबले नाहीत. "नकाशाखाली खुलासा. मुख्याध्यापक म्हणून मी तसं लिहून देतो. आणि काका, तो चूक शब्द... तो मी लिहायला नको होता."

"न्हवता लिहायला पायजे," पुंजाराम म्हणाला. यापेक्षा मोठ्या मनाने माफ करणं त्याला जमलं नाही.

"सोमवारी सायबांनी इचारलं तर तुमी बघा!" आप्पासाहेब उठले. "मी हितं नसनार."

"बादली ठिवा," पुंजाराम त्यांच्या पाठीकडे बघत म्हणाला. "पट्ट्याला लागंल."

पट्टा पांढरा करून वाळायला दुसरा दिवस गेला. शुक्रवारी दुपारी तो डबे आणि ब्रश घेऊन आला आणि पाटावर मांडी घालून बसला. सिमरनला त्याने वर्गातून बोलावून घेतलं, सरांची परवानगी न विचारताच. "तू वाचत ऱ्हा. तुला कळलं तर खरं, न्हाई कळलं तर पुसतो."

त्याने लिहिलं: 'युरोप आणि आशिया यांच्यामध्ये समुद्र नाही. दोघांना एक धरले तर खंड सहा. दोन धरले तर सात.'

"कळलं," सिमरन म्हणाली.

'उत्तर आणि दक्षिण अमेरिका काही देश एकच धरतात. आफ्रिका आणि आशिया यांची जमीनही जोडलेली होती. तिथे माणसांनी कालवा खोदला.' हे वाक्य लिहिताना त्याचे जबडे आवळलेले होते. ते लिहायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

'जमीन एकच आहे. रेघा माणसांनी ठरवल्या आहेत.'

त्याने ब्रश खाली ठेवला. "झालं."

"नाही झालं. परीक्षेत सात लिहावे, हे राहिलं."

"ते मी लिहिनार न्हाई."

"का?"

"का म्हंजी? एवढं सगळं लिहिलं ते कशासाठी? खाली आनखी परीक्षेत सात लिहिलं तर वरच्याचा काय उपेग? पोरं तेवढंच वाचतील अन् जातील!"

"आणि नाही लिहिलं तर पुन्हा कुणीतरी सहा सांगेल. मग त्यालाही हसतील. तुम्हाला नाही हसत कुणी. तुम्ही घरी असता."

पुंजारामने तिच्याकडे डोळे वटारून बघितलं. ती हलली नाही. त्याने ब्रश उचलला, काळ्या रंगात बुडवला आणि पट्ट्याच्या अगदी उजव्या कोपऱ्यात, सहीएवढ्या बारीक अक्षरांत लिहिलं: 'परीक्षेत सात लिहावे.'

सिमरन मागे मागे चालत प्रार्थनेच्या रांगेच्या शेवटच्या जागेवर गेली. "इथून दिसत नाही."

"म्होरं येऊन वाचायचं."

"रांग मोडली तर सर ओरडतात."

टर्पेंटाइनचा बोळा घेऊन पुंजारामने ती ओळ पुसली. पुसताना तो स्वतःशीच काहीतरी बडबडत होता, त्यात मास्तर होते, तपासणीवाले होते, आणि परीक्षा काढणाऱ्यांच्या सात पिढ्या होत्या. मग त्याने तीच ओळ पुन्हा लिहिली, बाकीच्या ओळींच्या मापाने, मधोमध. 'ळ' नसलेली ओळ, तरी अक्षर डौलदार आलं. त्याला वाईट लिहिता येत नव्हतं.

"आता दिसतंय?"

"दिसतंय."

ती वर्गात पळाली आणि एका मुलीच्या मनगटाला धरून तिला ओढतच घेऊन आली. निकिता यायला तयार नव्हती, पण भिंतीवर ओला रंग दिसल्यावर थांबली. तिने खालची ओळ आधी वाचली.

"परीक्षेत सात. मग तू चुकलीच होतीस की."

"वरचं वाच ना."

निकिताने वरचं वाचलं, ओठ हलवत, सावकाश. कालव्यापाशी थांबली, नकाशात कालवा शोधला, परत खाली आली. "म्हणजे तू बरोबर होतीस?"

सिमरनने पुंजारामकडे बघितलं.

तो ब्रश पिळत होता. "माज्याकडं काय बघती?" तो खेकसला. "तिला म्हनावं आजून एकदा वाच. पहिल्या ओळीपासनं."